पुट्टीनं न बुजलेल्या खाचा

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. या ग्रुपवर लोक अनुभव टाकतात आणि खाली "ताई, आधी बीपी तपासून घ्या" अशी कमेंट करणारी आगाऊ बाई असते ना — ती मीच. तेव्हा आज तुम्ही मला तेच सुनावलंत तर माझी तक्रार नाही. पण आधी वाचा तर…

आम्ही बारामतीजवळ जळोचीत राहतो. प्लॉट उतारावर आहे, त्यामुळे घराखाली आपोआप एक तळघर निघालंय. माझे सासरे, म्हणजे मामा, वालचंदनगरला कंपनीत लाकडी साचे बनवायचे. रिटायर झाल्यावर हे घर बांधलं आणि तळघराच्या चारही भिंतींना त्यांनी स्वतः सागवानी फळ्या मारल्या. कुठली जुनी, कुठली नवी, सगळ्यांना एकच काळपट पॉलिश. मामांच्या संध्याकाळी तिथंच जायच्या. ते गेल्यावर खाली नुसती अडगळ साठली.

मी रुखवताच्या ऑर्डरी घेते. सुपाऱ्यांचे भटजी, मोत्यांची तुळस, सजवलेले नारळ… लग्नात मांडायचं सगळं. हॉलमध्ये माझा पसारा आणि नवऱ्याची कटकट. त्याचं इंदापूरला ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. एकदा पँटला टिकल्या चिकटलेल्या तशाच दुकानात गेला, गिऱ्हाइकं हसली, आणि घरी येऊन म्हणाला, "अगं, तुझं हे दुकान खाली हलव एकदाचं!" झालं. तळघराला पांढरा रंग मारायचा, लख्ख ट्यूब लावायच्या आणि तिथंच माझी क्राफ्टरूम करायची.

सासूबाईंना — आम्ही त्यांना आत्या म्हणतो — विचारलं. शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "रंगव की. मला काय इचारतीस? मी कुठं उतरतीय तितं." आणि खरंच, त्या तळघरात कधी उतरल्याच नव्हत्या. मामा असतानाही नाही. मी बिचाऱ्या गुडघ्यांना दोष देऊन मोकळी झाले होते.

दत्ता पेंटर आमच्या ओळखीतला. त्यानं फळ्या घासायला घेतल्या. जिन्याशेजारच्या एका फळीच्या कडेला आडव्या खाचा होत्या, एकीवर एक, माझ्या मांडीपासून पोटापर्यंत. मला वाटलं जुनं लाकूड आहे, पूर्वी त्यावर बिजागऱ्या बसवलेल्या असतील. "पुट्टी भर आणि सपाट कर," म्हटलं. आधी नवऱ्याला पाठवायला एक फोटोही काढला. दत्तानं खाचा बुजवल्या, प्रायमर मारला, वर पांढऱ्याचा हात दिला. काय उजेड पडला म्हणून सांगू! मी तिथंच एक गिरकी घेतली.

सकाळी पाहते तर खाचा परत उघड्या.

"पुट्टी वाळून खचली आसंल वैनी," दत्ता म्हणाला. पटलं. पुन्हा भरली, पुन्हा रंग. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच… आणि यावेळी वर आणखी खाचा. मी मोबाइलमधला फोटो उघडून ताडून पाहिला. आधी पोटापर्यंत होत्या, आता छातीपर्यंत. माझं डोकंच फिरलं. "दत्ता, गंमत करायला मीच सापडले का रे?" तो गळ्यातली माळ धरून शपथा घ्यायला लागला. मी म्हटलं, शपथा राहू देत. त्याच्याकडून परत पुट्टी भरून रंग मारून घेतला, तळघराला माझं कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्ताला पुढे घालूनच मी कुलूप काढलं.

खाचा माझ्या कपाळापर्यंत आल्या होत्या. पांढरा रंग चिरून आतलं लाकूड दिसत होतं, ताजं, वासासकट. खाली जमिनीवर दत्तानं वर्तमानपत्रं अंथरली होती, त्यांच्यावर भुशाचा कण नाही. मी रंगाच्या डब्यावरच बसकण मारली. आणि मग भीतीपोटी मी दत्तावर जी काही ओरडले… अख्ख्या जळोचीला ऐकू गेलं असेल.

तो आवाज ऐकून आत्या जिना उतरल्या. कठडा धरून, एकेक पायरी. "काय गं, काय झालं?" म्हणत आल्या आणि त्या फळीसमोर थबकल्या.

"आगं बया… ही माझ्या नंदीच्या कपाटाची फळी."

"कोण नंदी?"

"माझी थोरली लेक. तुझ्या नवऱ्याच्या आधीची."

मला धक्क्यावर धक्के बसत होते. या घरात येऊन माझी स्वतःची मुलं कॉलेजला गेली, आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते!

आत्या फळीशी बोलल्यासारखं बोलत होत्या. "दर पाडव्याला ह्ये तिला कपाटाला टेकवून हुबी करायचे आन पटाशीनं खाच पाडायचे. मी वरडायचे — लेकराला मापू नगा, दिष्ट लागती, वाढ खुंटती. ह्ये नुसते हसायचे. आन मग तापानं गेली पोर. मी त्यास्नी तोंडावर म्हणलं, तुमीच मापून मापून माझी लेक घालवली. त्यावर त्यांनी कपाट फोडलं. बंबात जाळलं म्हणले व्हते मला…" त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्यापुढं जलमभर आमचं कामापुरतंच बोलणं."

मग त्यांनी सगळ्यात खालच्या खाचेवर बोट ठेवलं. एकेक खाच चाचपत वर गेल्या. पोटाच्या उंचीवर थांबल्या. "हितवर आमची." बोट आणखी वर सरकलं. "आन मग ह्या कुणी पाडल्या?"

दत्ता हात जोडून म्हणाला, "आज्जे, म्या न्हाय ओ."

आत्या वळल्या. त्या फळीला पाठ आणि टाचा लावून ताठ उभ्या राहिल्या. "माप मला."

मी त्यांच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. सगळ्यात वरची खाच पट्टीच्याही चार बोटं वर होती. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"माझ्याहून उंच झाली की गं! बापावर गेली उंचीला." आणि त्या रडायलाच लागल्या, मोठ्यानं, लहान मुलासारख्या. "वाढ न्हाय खुंटली तिची. उगा त्यांना बोल लावला मी… जलमभर."

मी त्यांना धरून उभी राहिले. दत्ताही डोळे पुसत होता. संध्याकाळी नवरा इंदापूरहून आला, सगळं ऐकून त्या खाचांवरून बोट फिरवत राहिला आणि रात्री जेवलाच नाही.

ती फळी मी खरवडून पुन्हा सागवानी केली. बाकी खोली पांढरीशुभ्र आहे. त्यानंतर नवी खाच उमटलेली नाही. सुताराला दाखवलं, तो म्हणाला पटाशी सराईत हाताची आहे. लाकडाची फुग, पुट्टी, चावी, मी सगळ्या शंका काढून पाहिल्या. एकीतूनही उत्तर मिळालं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा, बीपी नॉर्मल आहे.

आत्या आता रोज दुपारी खाली येतात, मला मणी ओवून देतात. परवा त्या जिन्याकडच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, तिथं अंधार पडतो, इकडं ट्यूबखाली या."

"असू दे," त्या म्हणाल्या. "लेकीपाशी बसलीय."