हौसाकाकू आणि सरकारी मदत

मढ गावाच्या वरच्या अंगाला आम्ही बायका रानातला बाळहिरडा, म्हणजे औषधाला लागणारी हिरड्याची कोवळी फळं, विकायला गोळा करतो. वर्षाची मीठमिरची त्यावरच चालते. हिरडा निवडायला बसलं की सरकारी मदतीचे किस्से निघतात. योजना येतात, जातात. किस्से मात्र इथंच राहतात! त्यातले निम्मे आमच्या बचत गटातल्या हौसाकाकूंचे.

*

एकदा योजनेचे साहेब हिरडा वाळवायला फुकट ताडपत्र्या घेऊन आले. काकूंना संशय, फोटो झाला की ताडपत्री माघारी जाणार. त्या सरळ घडीवरच जाऊन बसल्या.

"काकू, उभ्या राहा, फोटो चांगला येईल," साहेब म्हणाले.

"बसून बी येतो की! तुमी काढा."

*

मग ट्रेनिंग झालं. जेवण फुकट, तरी सगळ्या घरून भाकरी बांधून आल्या. मी दहावी शिकलेली, म्हणून सह्यांचा कागद माझ्या हातात दिला. मी सांगितलं, "काकू, साधी हजेरी आहे."

"हजर दिसतोय की आमी! मग सही कशाला?"

 

*

पुढं हिरडा वाळवायचं मशीन आलं. कुणी त्यात एक फळ टाकलं नाही.

"अहो, वापरून तर बघा!" साहेब वैतागले.

"किल्ली कुणाकडं?"

"ऑफिसात."

"माल आमचा, कुलूप तुमचं! सोयरीक करताना बी आमी चार चकरा मारून पारखून घेतो, राव!"

*

आणि हे यंदाचं. आमच्या रानातलं हिरड्याचं झाड कागदावर कुणाचंच नाही, पण कुठलं कुठल्या घराचं हे सगळ्यांना ठाऊक. साहेब लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. झाडांवर खूण करायची, मग मदत मिळणार म्हणे.

बायकांचे चेहरे उतरले. मागं रस्त्याकडेच्या आंब्यांना असाच लाल पट्टा मारला होता. रस्ता रुंद झाला, आंबे गेले. 

काकू आपल्या हिरड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ह्ये तोडणार न्हाई ना?"

"नाही हो, काकू. नुसती खूण आहे. खुणेनं काय होतंय?"

"काईच व्हत न्हाई?"

"काहीच नाही!"

काकूंनी साहेबांच्या हातातला रंगानं भिजलेला ब्रश घेतला, शांतपणे उतार उतरल्या आणि खाली उभ्या केलेल्या साहेबांच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर हातभर लाल पट्टा ओढला.

"अहो काकू! हे काय केलंत?"

"भिऊ नका, सायेब. नुसती खूण हाय!"