शेठ आणि आमचं टपाल

फुग्यांच्या फॅक्टरीत वर्षं गेली की किस्से पावडरसारखे अंगाला लागतात. कितीही झटका, घरी पोचल्यावर केसांतून निघतातच! आमच्या डहाणूच्या फॅक्टरीतले बहुतेक टपालाचे. पाड्यांवर पत्र वेळेवर पोचत नाही, म्हणून सगळ्यांनी पत्ता दिलेला फॅक्टरीचा. आणि आमचे शेठ आलेलं प्रत्येक पाकीट फोडणार म्हणजे फोडणारच.

*

मशीनवरच्या रमेशला मावसभावाच्या लग्नाची पत्रिका आली. शेठनी वाचली आणि द्यायची विसरले. लग्नाला जायचं मात्र विसरले नाहीत! रमेशला फोनवरून कळलं. धावतपळत तलासरीला पोचला, तर मांडवात शेठ जेवायला बसलेले.

"ये रे ये," म्हणाले, "उशीर केलास. जिलेबी संपत आली."

*

रमेश जाम भडकला. शेवटी शेठनीच वकिलांना विचारलं, "माझ्या पत्त्यावर आलेलं टपाल मी उघडू शकतो ना?"

"कंपनीच्या नावाचं उघडा. माणसाच्या नावाचं त्या माणसाचं."

"पण पत्ता माझा ना!"

"घरजावयाचा पत्ता सासऱ्याचाच असतो, शेठ. म्हणून काय सासऱ्याने त्याची पत्रं फोडायची?"

शेठनी लगेच चहा मागवला. चिखले गावात ते स्वतः घरजावई!

*

मग फोडणं बंद. पण सवय सुटते थोडीच! दुपारी समुद्राचा वारा आत यायचा, वाळत घातलेले लाल-पिवळे फुगे डुलायचे, सगळ्यांनाच पेंग यायची. शेठ खिडकीशी उभे राहून एकेक पाकीट उजेडात धरायचे, कितीतरी वेळ. मी टेबलावरून ओरडायचे, "शेठ, वकील!" ते दचकून पाकीट खाली ठेवायचे.

खरं सांगते, तेव्हा मला त्यांची कीव यायची. त्यांना स्वतःला कुणाचं पत्र कधी आलेलं मी पाहिलं नाही.

*

पॅकिंगची वनिता कासाच्या पुढच्या पाड्यावरची. तिने गुपचूप नर्सिंगला अर्ज केला होता. यंदा नंबर लागला नाही तर घरचे लग्न उरकणार होते. पण तिच्यासारखा हात अख्ख्या पॅकिंगमध्ये कुणाचा नाही. ती गेली तर शेठची पंचाईत.

"ताई, त्यांना कळलं तर पत्र माझ्या हातात पडेल का हो?" रोज विचारायची बिचारी.

एका दुपारी शेठ स्वतःच पॅकिंगमध्ये आले. हातात पाकीट, नीट बंद. वनिता पांढरीफटक.

"घे. तुझं आहे. हल्ली मी कुणाचं टपाल उघडत नाही."

तिने घाईघाईने पाकीट ओढणीत लपवलं. शेठ दारापर्यंत गेले आणि वळले.

"गुरुवारी पहिली जीप पकड," म्हणाले. "आणि बारावीचं ओरिजिनल मार्कशीट विसरू नकोस!"