नायच्या रेघा

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा म्हटलं, आता लिहूनच टाकू.

चारुशीला महाडची, मास्तरांची मुलगी. प्रयाग वरंधच्या सोनबांची. बासष्ट साली हायस्कूलसाठी मास्तरांकडे राहायला आली. दोघी चौदाच्या. आली तेव्हा प्रयागच्या तोंडाला खळ नव्हता. "गो चारू, तांदूळ निवडायला केवढा येळ तुमच्यात! आमच्यात नाय असं!"

"नाय काय, नाही म्हण. गावंढळ कुठली!"

मग चारूनंच खेळ काढला. प्रत्येक 'नाय'ला पाटीवर एक रेघ. पहिल्या दिवशी एकोणीस. मग बारा, पाच, दोन. दिवाळीनंतर पाटी कोरी! चारू पाटी घेऊन घरभर नाचली. "बघा, सुधारली की नाही?" आई म्हणाली, "किती शांत झाली गं पोर." प्रयाग ताट अर्धं टाकायची, सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, त्याची रेघ कुणीच ओढली नाही.

एका शनिवारी सोनबा तांदूळ घेऊन आले. "गो बाय, बोलत का नायस?"

प्रयाग उठली. पाटी घेतली आणि बापाच्या त्या 'नायस'ची एक रेघ ओढली.



"पोरीला नजर लागली कुणाची तरी, मास्तर," सोनबा म्हणाले. कुणाची ते चारूला ठाऊक होतं. दारात उभी होती, तोंड उघडलं नाही. सोनबा पोरीला घरी घेऊन गेले, देवाला कौल लावला, अंगारा लावला. शाळा सुटली ती सुटलीच.

चारू आता पुण्याला कॉलेजात. मे महिन्यात महाडच्या बाजारात सोनबा भेटले. "बरी हाय. शेतात राबते. बोलत नाय फक्त. तू ये की एकदा."

"येते हं काका, रविवारी."

चार रविवार गेले. वरंधवरून जाणारी भोरची एसटी दारावरून जायची आणि चारू आत जाऊन बसायची. जाऊन पहिलं काय बोलायचं, तेच सुचत नव्हतं.

काल सुचलं. "माझं चुकलं गो. तुझं कायबी नाय." त्या 'नाय'ची रेघ प्रयागनं चारूच्या नावावर ओढावी. उद्या सकाळच्या एसटीनं चारू वरंधला जातेय.

तुमच्याही घरात, वर्गात एखादं बोलकं पोर असं गप्प झालं असेल. शांत झालं म्हणून खूश होऊ नका हो. जाऊन भेटा त्याला. चार रविवार घालवू नका, याच आठवड्यात जा.