दुखण्याचे शब्द गोळा करणाऱ्या मॅडम

शेखभाईंचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसून डबा खात होते. सकाळचं माझं पीएचडीचं सादरीकरण बरं झालं होतं. समितीनं दोनच शंका काढल्या होत्या आणि त्या दोन्ही माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आधीच ओळखलेल्या होत्या. डबा संपला की त्यांनाच फोन करायचा, असं मनात होतं. शेखभाई मी शिकवते त्या अंबाजोगाईच्या नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात आहेत. ते म्हणाले, "संगीता मॅडम, आपल्या मॅडम गेल्या." मी विचारलं, "कुठं गेल्या?" मला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. त्या सारख्या कुठं ना कुठं जातच असायच्या... कधी गेवराईकडच्या एखाद्या वस्तीवर, कधी माजलगावला घरी सोडलेल्या पेशंटकडं. शेखभाई एवढंच म्हणाले, "तुम्ही निघा." तेव्हा कुठं मला कळलं. हातातला घास तसाच राहिला, हे मला नंतर अंबाजोगाईच्या गाडीत बसल्यावर दिसलं. मुठीत पोळी चुरगळून धरलेली होती.

आज सव्वा महिना झाला. प्राध्यापक रत्नमाला जोगदंड या जगात नाहीत, हे वाक्य मी लिहू शकते, पण ते मला अजून नीट वाचता येत नाही. त्या दिवशी दहाला त्या एमएस्सीच्या वर्गावर गेल्या. फळ्यावर विषय लिहिला, खुर्ची ओढून बसल्या आणि मुलींना म्हणाल्या, तुम्ही वाचा, मी ऐकते. मुली वाचत राहिल्या. मॅडम डोळे मिटून ऐकतात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं पान संपून हाक मारेपर्यंत कुणाला शंका आली नाही. मग त्याच मुलींनी त्यांना जमिनीवर घेतलं, छातीवर दाब दिला, श्वास दिला, दवाखान्यापर्यंत हात थांबू दिले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मोठा अटॅक होता. त्यातली एक मुलगी अजूनही मला जिन्यात गाठून विचारते, "मॅम, आमचं काही चुकलं नव्हतं ना?" नव्हतं चुकलं. मॅडमनी शिकवलं होतं तसंच, अगदी तस्संच त्यांनी केलं होतं... आणि तरी त्या गेल्या.

मॅडम दिंद्रुडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा त्या गावात मावशीकडं राहून शिकल्या. नर्सिंगला जाते म्हटल्यावर चुलत्यांनी चांगल्या घरच्या पोरी हे काम करत नाहीत म्हणून अडवलं होतं. आईनं ऐकलं नाही, स्वतः एसटीत बसवून आली. लग्न झालं आणि तीन वर्षांत नवरा अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. मग त्या कॉलेजच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहिल्या आणि वॉर्डात रमल्या. एवढ्यावरच थांबल्या असत्या तर एक चांगली सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या असत्या. त्यांना तिथून हलवलं एका पेशंटच्या उत्तरानं. ती हकिकत त्या प्रत्येक नव्या बॅचला सांगायच्या.

सरूबाई नावाची एक म्हातारी पोटाच्या ऑपरेशननंतर वॉर्डात होती. दुखणं मोजायची पद्धत नवीनच आली होती. शून्य ते दहामध्ये पेशंटनं आकडा सांगायचा. सरूबाईनं सांगितलं, दोन. तक्त्यावर दोन लिहिलं गेलं. दोन म्हणजे किरकोळ, त्यामुळं दिवसभर तिला कुणी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी टाके फुगलेले दिसले तेव्हा धावपळ झाली. बाई वाचली. नंतर मॅडमनी तिला विचारलं, एवढं दुखत होतं तर दोन का सांगितलं? सरूबाई म्हणाली, "दोन जागी दुखत व्हतं, म्हणून दोन म्हणलं. खोटं कावून सांगू?" तक्त्यावर 'दोन' लिहिणारा हात माझाच होता, असं मॅडम दर वेळी सांगायच्या.

तेव्हापासून त्या पेशंटचे शब्द टिपायला लागल्या. ठणका, कळ, चमक, आग, रग, शिणक. जुन्या केसपेपरच्या पाठीवर लिहायच्या आणि पिशवीत टाकायच्या. कोण कोणत्या दुखण्याला काय म्हणतं, आणि त्यातलं मोठं कोणतं, धाकटं कोणतं... आकडा न वापरता हे कसं विचारायचं, याचा शोध त्यांना बायकांनीच लावून दिला. 'या दुखण्यात भाकरी थापता येते का? भरलेली घागर उचलता येते का? लेकराला मांडीवर घेता येतं का?' बायका क्षणात उत्तर द्यायच्या. गड्यांना त्या विचारायच्या, 'वाकून चप्पल घालता येते का?' यातूनच पुढं त्यांचं दुखणं मोजायचं साधन तयार झालं.

पण ते मान्य व्हायला त्यांची उमेदीची वर्षं गेली. एमएस्सी केलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. इंग्रजी पुस्तकातला एकेक परिच्छेद त्या आधी आपल्या मराठीत लिहून काढत आणि मग पाठ करत. पीएचडीच्या पहिल्या बैठकीत एक तज्ज्ञ हसून म्हणाले की शब्दकोश करायचा असेल तर भाषेच्या विभागात जा. दुसऱ्यानं विचारलं, नर्सनं इंजेक्शन द्यावं की संशोधन करावं? मॅडमनी परत येऊन एकाच पेशंटला दोन्ही पद्धतींनी विचारायला सुरुवात केली, आधी आकड्यानं, मग भाकरीनं. दोन वर्षांनी त्याच समितीपुढं त्यांनी फक्त ते पेशंट मांडले, ज्यांचा आकडा खाली होता आणि दुखणं वर. या वेळी कुणी हसलं नाही. पुढं त्यांनी आमच्या कॉलेजात एमएस्सीचा वर्ग सुरू व्हावा म्हणून इतके खेटे घातले, की संस्थेच्या ऑफिसातले लोक त्यांना लांबून पाहिलं तरी फाइल काढून ठेवायचे. इथल्या मुलींना पुढं शिकायचं तर पुण्या-मुंबईला पाठवत नाहीत, म्हणून शिक्षणानंच इकडं यावं, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं.

त्या पहिल्या वर्गात मी होते. एक गोष्ट आज सांगून टाकते. प्रबंधासाठी मी गेवराईजवळच्या वस्त्यांवर फॉर्म भरत फिरत होते. शेवटच्या दिवशी ऊन फार होतं, एक वस्ती लांब होती. मी बसस्टँडवर बसून तीन फॉर्म मनानंच भरले. मॅडमनी गठ्ठा चाळला आणि नेमके ते तीन बाजूला काढले. म्हणाल्या, या तिघीजणी पुस्तकातल्यासारखं बोलतात. मी रडायला लागले. त्या रागावल्या नाहीत, फक्त रविवारी सातला स्टँडवर ये म्हणाल्या. त्या वस्तीवर गयाबाई नावाची एक बाई भेटली. गुडघा कसा दुखतो विचारल्यावर ती गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली, "हाडातून कुनी दोरा वढल्यावानी हुतंय बघा." हे मला बसस्टँडवर बसून सात जन्मांत सुचलं नसतं. परतीच्या गाडीत मॅडम म्हणाल्या, "संगीता, खोटा फॉर्म म्हणजे आपण तिच्या तोंडात घातलेले शब्द. तिला कुणीतरी पहिल्यांदा विचारायला येणार होतं, ती पाळी आपण खाल्ली." त्यानंतर मी एकही फॉर्म न विचारता भरलेला नाही.

त्यांच्या जागी मला आता दुसरे मार्गदर्शक मिळालेत. त्यांचा स्वभाव चांगला आहे. हे स्थानिक शब्दांचं साधन सोडून नेहमीचं वापरा, काम लवकर होईल, असं ते सुचवतात. मी नाही म्हणाले. वेळ लागला तर लागू दे.

तेराव्याला मी दिंद्रुडला गेले. मॅडमची आई ऐंशीच्या पुढची आहे. ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "माय, तू रोज तिच्यापाशी असायचीस. काय दुखत व्हतं तिला? मला कुनीच सांगंना."

यापूर्वी मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅडम गेल्या त्या दिवशी सकाळी साडेसातला मी मुक्कामाच्या जागेबाहेर विद्यापीठाकडं जाणाऱ्या गाडीची वाट पाहत मॅडमना फोन केला होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, "कालपासून पाठ भरून आलीय गं, मधोमध. अवघडली असंल." बायकांचा अटॅक बऱ्याचदा छातीत येत नाही, पाठीत येतो, जबड्यात येतो, तो साध्या शब्दांत लपून येतो... हा धडा मी त्यांच्याकडूनच शिकले आणि स्वतः वर्गात शिकवते. मी म्हणाले, "बाम लावा, मॅडम." आणि लगेच माझ्या सादरीकरणातली अडचण विचारली. त्यांनी ती सोडवून दिली. गाडी आली, मी फोन ठेवला.

हे सगळं मी आजींना सांगितलं. सांगताना त्यांच्याकडं बघवत नव्हतं. वाटलं, आता त्या हात झिडकारतील. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. म्हणाल्या, "मला बी म्हनली व्हती. आदल्या सांजंला फोन आलता. म्या म्हनलं, ईट तापवून शेक घे. बरं म्हनली अन् ठिवला..." मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आपुन दोघींनी बी नीट ऐकलं न्हाई, माय."

मी तिथून कशी आले, मला आठवत नाही.

मागच्या आठवड्यात मी कॉलेजातली मॅडमची खोली उघडली. टेबलावर मुलींचं रजिस्टर तसंच होतं. वॉर्डातून आलं की प्रत्येकीनं त्यात एक ओळ लिहायची, असा मॅडमचा नियम होता. रकाने त्यांच्याच हातानं आखलेले आहेत: शब्द, कोण म्हणालं, पुढं काय विचारलं, आणि शेवटी मॅडमची सही. मला वाटलं होतं, लिहिणं आता बंद झालं असेल. पण मुली शेखभाईंकडून किल्ली मागून रोज येत होत्या. महिनाभराच्या ओळी भरलेल्या होत्या, फक्त सहीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. मी त्यांच्या खुर्चीत बसले नाही, उभ्यानंच पेन काढलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं. शब्द: पाठ भरून आलीय. कोण म्हणालं: रत्नमाला जोगदंड, वय सत्तावन्न. पुढं काय विचारलं... इथं हात थांबला. मग लिहिलं, विचारलं नाही.

रजिस्टर मिटलं नाही. तेच पान उघडं ठेवून बाहेर आले. मुली वॉर्डातून यायची वेळ झाली होती.