भाऊंच्या फॉर्मवर सही नाही

भाऊ तिसऱ्यांदा खोकत वर आले आणि मास्क पूलच्या कडेला आपटला. "काचच खराब हाय," म्हणाले.

मी पवनानगरची. लोणावळ्यात स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहायला, शिकवते. समुद्र इथून लांब, पण सुरुवातीचे धडे पूलमध्येच होतात. ते जमले की मी फॉर्मवर सही करते. ती बघून अंदमानचं डाइव्ह सेंटर पाहुण्यांना पुढे शिकवतं आणि खोल पाण्यात नेतं.

भाऊ आणि मावशी, दोघं नवरा-बायको, कार्ल्याचे. शेती, शिवाय हायवेलगत रिसॉर्ट. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अंदमान ठरलं होतं. भाऊंनी मोबाईलवर एक स्पॉट पाहून ठेवला होता. प्रवाळाचा उभा कडा, आजूबाजूला कासवं. आम्ही त्याला वॉल म्हणतो. तिथे पाण्याला ओढ असते. मास्कमध्ये पाणी शिरलं तर खालीच, नाकाने फुंकून ते बाहेर काढावं लागतं. घाबरून, श्वास रोखून सुसाट वर आलं तर फुफ्फुस फाटू शकतं.

मावशींना दुसऱ्या दिवशीच जमलं. भाऊंना पाच दिवसांत नाही.

सरांनी, म्हणजे आमच्या टूर कंपनीच्या मालकांनी, मला बाजूला घेतलं. "परवा फ्लाइट आहे. दोघांच्या फॉर्मवर सही कर."

"मावशींच्या करते."

"अगं, तिथला इन्स्ट्रक्टर बघून घेईल."

"तो माझी सही बघेल, सर."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

भाऊंना मी सरळ सांगितलं, "तुम्ही स्नॉर्केलिंग करा. छातीभर पाणी, तोंडात नळी, वरूनच मासे बघायचे. तिथली उथळ खाडी सुंदर आहे."

"पवनानगरची पोरगी मला पानी शिकवनार?"

"पाच दिवस शिकवतेच आहे, भाऊ."

"मंग मी जात न्हाई. आन ही बी जानार न्हाई."

मावशी केस पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी जानार हाय," म्हणाल्या. "चाळीस वरसं तुमी म्हनाल तितं आले. आता मी म्हनते तितं तुमी चला."

भाऊंनी मास्क उचलून पिशवीत भरला.

मावशींच्या फॉर्मवर सही केली. भाऊंच्या फॉर्मवर लिहिलं, 'मास्क रिकामा करता येत नाही. फक्त स्नॉर्केलिंग.' सरांचा चेहरा पाहून वाटलं, ते फॉर्म बदलतील, म्हणून दोन्ही फॉर्मचे फोटो त्याच संध्याकाळी अंदमानच्या सेंटरला मेल केले.

बरं झालं. सरांनी भाऊंसाठी नवा फॉर्म करून दुसऱ्या इन्स्ट्रक्टरची सही घेतली होती. माझा मेल आधीच पोचल्याने सेंटरने तो बाजूला ठेवला आणि भाऊंना खाडीवर नेलं. मावशी तिथले धडे पुरे करून वॉलवर बारा मीटर उतरल्या. फोनवर म्हणाल्या, "दोन कासवं दिसली. लय निवांत असत्यात." भाऊ फोनवर आले नाहीत.

माझी नोकरी गेली. आता दुसऱ्या पूलवर शिकवते. सही नाकारून भागत नाही, एवढं कळलं. का नाकारली ते लिहायचं, आणि तो कागद पोचवायचाही आपणच.