गोकुळनं मानलेले आभार

देवगाव रंगारीत कुणाच्या घरी डोहाळजेवण असो, कुणाच्या निवृत्तीचा सत्कार असो, नाहीतर नुसतं बोअरला पाणी लागलेलं असो, माईक गोकुळच्याच हातात जायचा. एरवी हा पोरगा खताच्या दुकानात गोण्या उचलायचा. पण संध्याकाळी कोट चढवून त्यानं एकदा 'सन्माननीय' म्हटलं, की समोरच्या माणसाची छाती आपोआप फुगायची.

त्याचा एकच नेम होता, नाव कुणाचं राहता कामा नये. मागं एकदा घाईगडबडीत उपसरपंचाचं नाव राहिलं, तर त्या घरानं दोन वर्षं याच्या दारावरून जाताना तोंड फिरवलं. लहान गावातला रुसवा फार महागात पडतो हो. तेव्हापासून गोकुळ मंडपवाल्यापासून जनरेटरवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घ्यायचा. ज्याच्यासाठी कार्यक्रम ठेवलेला असायचा तो बिचारा हार गळ्यात घालून ताटकळत बसायचा.

असा हा गोकुळ संभाजीनगरच्या एका कवितेच्या उपक्रमात निवडला गेला. तरुण पोरापोरींना लिहायला शिकवायचं आणि लोकांसमोर उभं राहून ते म्हणायला शिकवायचं, असं त्याचं स्वरूप. दर रविवारी उस्मानपुऱ्यात वर्ग भरायचा. शिकवणारी अमृता स्वतः कविता सादर करायची. वयानं त्याच्याहून थोडीच मोठी, पण धाक हेडमास्तरणीचा. पहिल्याच रविवारी गोकुळनं तिचं असं काही स्वागत केलं, की ती निवडणुकीला उभी आहे असं वाटावं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे माझ्याबद्दल झालं. तुझं स्वतःचं काही आहे का?"

गोकुळ गुपचूप जागेवर जाऊन बसला.

पण होतं त्याच्याकडे, नाही असं नाही. आईबद्दल होतं. आवडाबाई त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायची, मागं चपलांपाशी बसायची आणि लेक गावभराच्या माणसांना मोठं करताना ऐकायची. तिला मात्र कुणी नावानं हाक मारलेली गोकुळनं कधी ऐकली नव्हती. कुणाची सून, कुणाची काकू, गोकुळची माय, बस. त्याला ते फार लागायचं. कित्येक रविवार घासून त्यानं त्यावर एक कविता केली. उपक्रमाच्या शेवटच्या कार्यक्रमात ती आईनं ऐकावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. बक्षीसबिक्षीस गेलं खड्ड्यात.

"प्रत्येकाला चार मिनिटं, मग घंटा," अमृतानं बजावलं. "आणि गोकुळ, नावं घ्यायची नाहीत. सरळ कविता."

"व्हय मॅडम," गोकुळ म्हणाला.

आता आईला एकटीला बोलवावं म्हटलं, तर गाव ऐकतंय होय? माजी सरपंच सांडूअण्णांना कुणकुण लागली. "आपल्या पोराचा कार्यक्रम, आन् आपण नाय जायचं?" म्हणत त्यांनी जीप भरली. ही मंडळी फेटे बांधून सभागृहात थेट पहिल्या रांगेत बसली. आवडाबाई सवयीनं मागं गेली.

गोकुळ माईकपाशी आला, पहिली रांग दिसली आणि घोटाळा झाला. जिभेला कुठं कळतंय कविताबिविता? "व्यासपीठावरील सर्व सन्माननीय," त्यानं सुरुवात केली. व्यासपीठावर तो आणि एक टेबलफॅन एवढेच होते. मग सांडूअण्णा झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, पोलीस पाटील झाले, भजनी मंडळाचे अध्यक्ष झाले. जीपचा ड्रायव्हर राहायला नको म्हणून त्याचं नाव घेतोय, तोच घंटा वाजली.

पहिल्या रांगेनं कडकडून टाळ्या वाजवल्या. सांडूअण्णा शेजाऱ्याला म्हणाले, "कविता लई भारी केली पोरानं. एक नाव सोडलं नाय."

गोकुळ पडद्यामागं जाऊन भिंतीला टेकला. ज्या एका नावासाठी सगळा खटाटोप केला होता, तेवढंच राहिलं होतं. त्याला रडू आवरेना. "मॅडम, अजून एक डाव..."

"बाकीच्या पोरांनी काय पाप केलंय?" अमृता चिडलीच होती. मग त्याचं तोंड बघून जरा निवली. "नावंच घ्यायची आहेत ना तुला? शेवटी आभार तू मान."

आभार म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. आभार सुरू झाले की माणसं चपला शोधतात. तसंच झालं. खुर्च्या सरकल्या, पहिली रांग चहाच्या वासानं उठली. गोकुळनं माईक धरला आणि पाहिलं, तर मागं आवडाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. लेकाचं बोलणं पुरं झाल्याशिवाय ती उठतच नसे. आभाराला उठून जायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गोकुळनं थेट कविताच सुरू केली.

"भांड्यावर नाव बापाचं, सातबाऱ्यावर बापाचं,
लग्नपत्रिकेत चुलत्याचं, दारावर माझं.
ज्यानं त्यानं आपलं नाव
तुझ्याकडून घासून-पुसून घेतलं.
आज मी तुझं घेतो.
आवडाबाई.
देवगावची आवडाबाई.
माझी माय, आवडाबाई."

चहाला निघालेले काहीजण दारातच थांबले. सांडूअण्णा तोवर बाहेर पोचले होते आणि भज्यांची दुसरी प्लेट मागवत होते.

गोकुळ खाली उतरून आईपाशी गेला. ती पदर सारखा करत होती. डोळे लाल झाले होते.

"सांडूअण्णाचे आभार राहिले की रे," ती म्हणाली. "आता फुगून बसतेल."

"बसू दे."

ती जीपकडे निघाली. दारापाशी थांबली, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणाली, "ते शेवटचं... माझं नाव घेतलं, तेवढंच परत म्हण ना."