चार नंबरची विहीर

वसईच्या हिवाळ्याचं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. थंडी नावापुरती, बाकी सगळा धुरळा. नायगावला आमच्या इमारतीच्या चहूबाजूंनी नवे टॉवर चढत होते. त्यांची धूळ सकाळच्या धुक्यात मिसळायची आणि दहा वाजले तरी ऊन मळकटच. घरात तिघांना खोकला. दोरीवरचे कपडे संध्याकाळी काढावेत तर दमट ते दमट, वर करडे झालेले. अशा हिवाळ्यात मी पीएच.डी. करत होते. म्हणजे सरांच्या वाट्याच्या उत्तरपत्रिका तपासत होते, सरांच्या भाषणांच्या स्लाइड बनवत होते आणि उरलेल्या वेळात विहिरींचं पाणी मोजत होते.

सांडोरच्या वाड्यांमधल्या विहिरी पावसाळा सरल्यावर कशा खाऱ्या होत जातात, हा माझा विषय. एकाच आळीतल्या पाच विहिरी मी निवडल्या होत्या आणि त्यांना नंबर दिले होते. दर मंगळवारी सकाळी सातला स्कूटीवरून जायचं, प्रत्येक विहिरीतून बाटली भरायची, मीटर बुडवायचा, क्षाराचा आकडा वहीत लिहायचा. जानेवारीच्या शेवटी हे सगळं प्रगती समितीपुढे ठेवायचं होतं. एक मुदत आधीच हुकली होती. ही हुकली असती तर माझी नोंदणीच रद्द झाली असती, तीन वर्षं पाण्यात. आणि समितीपुढे जायला सरांची सही हवी.

चार विहिरी शहाण्यासारख्या वागल्या. नोव्हेंबरपासून त्यांचा आकडा हळूहळू चढत गेला. चार नंबरची विहीर मात्र डिसेंबर लागल्यावर एकदम गोड झाली आणि गोडच राहिली.

"आकडे घरी बसून भरतेस का?" सरांनी विचारलं. केबिनमध्ये एम.एस्सी.च्या दोन मुली बसल्या होत्या, त्यांच्यादेखत. "विहीर अशी वागत नाही. माणसं वागतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ज्यांच्या उत्तरपत्रिका तपासते ते मला खोटी म्हणणार! पण सही त्यांच्या हातात होती, म्हणून मी "बघते, सर" एवढंच म्हणाले आणि जिन्यात येऊन भिंतीवर वही आपटली. राग होताच, पण भीतीही होती, कारण एक गोष्ट मी सरांना सांगितली नव्हती.

चार नंबरची विहीर टीचरांची. गावातल्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यापासून एकट्याच केळी आणि भाजी बघायच्या. सगळी आळी त्यांना टीचर म्हणायची, म्हणून मीही. डिसेंबरात त्या मला म्हणाल्या होत्या, "एवढ्या थंडीची कशाला येतेस, बाय? रिकामी बाटली आदल्या खेपेला ठेवून जा. मी भरून ठेवीन." आणि मी ठेवून जाऊ लागले. बाकीच्या चार विहिरी आटोपून नऊला आरामात त्यांच्याकडे जायचे, भरलेली बाटली घ्यायचे, वर चहा आणि नाताळचा केक खायचे. वहीत 'नमुना कोणी घेतला' असा एक रकाना होता. त्यात मी सहा आठवडे 'स्वतः' असं लिहिलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी न सांगता सातला गेले. टीचर विहिरीवर नव्हत्या. स्वयंपाकघरात उभ्या राहून नळाच्या पाण्याच्या पिंपातून, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधून, गाळून माझी बाटली भरत होत्या.

मी जी ओरडले, ते आठवलं तरी आज कानकोंडं व्हायला होतं. माझ्या आईच्या आईचं वय असेल त्यांचं. "तुम्ही शिक्षिका ना? माझं वर्ष घालवलंत! तिकडे मी खोटी ठरले!" असं बरंच काही. टीचरांनी बाटली खाली ठेवली, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि माझं बोलून होईपर्यंत थांबल्या.

मग म्हणाल्या, "पुतणीचं लग्न आहे जानेवारीत."

"त्याचा काय संबंध?"

संबंध होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायची त्यांच्याकडे रीत आहे. त्या आळीत ते पाणी कायम टीचरांच्याच विहिरीवरून जायचं, कारण आळीत सगळ्यात गोड तीच. त्यांच्या नवऱ्याने ती खणली होती. यंदा डिसेंबरात पाण्याला खारट चव आली, केळीच्या पानांच्या कडा करपल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्हणून मला फसवलंत? मी काय आळीत दवंडी पिटणार होते? प्रबंधात नाव नसतं, टीचर. नुसता नंबर असतो."

"नंबर सगळ्यांना पाठ आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "तूच सांगतेस ना घरोघरी? दोन नंबर इतका, पाच नंबर तितका. चर्चमधून बाहेर पडलं की बायका तेच बोलतात. मी जन्मभर मुलांना मार्क वाचून दाखवले, बाय. नापास झालेलं पोर कसं बसतं, मला ठाऊक आहे."

लोकांनी मला वाडीत शिरू द्यावं म्हणून मी दर मंगळवारी हसत हसत शेजाऱ्यांचे आकडे सांगत फिरले होते. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

टीचर स्वतःच विहिरीकडे चालू लागल्या. पोहरा सोडला, वर ओढला, बाटली भरून माझ्यापुढे धरली. मी मीटर बुडवला. पाचांत सगळ्यात खारी विहीर चार नंबरची निघाली. त्यांनी वही मागून घेतली आणि फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात तो आकडा लिहिला. 'नमुना कोणी घेतला' या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.

मी मागच्या सहा ओळींवर काट मारली आणि सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "त्यात काय? आता शेवटचा आकडा मिळाला ना? मधले अंदाजाने भर. छान चढती रेघ येईल." म्हणजे माझ्यावर ज्याचा आळ घेतला, तेच आता मी करायचं! मी नाही म्हणाले. या वेळी आवाज चढवून म्हणाले. जागा रिकाम्या ठेवल्या. सरांनी दोन दिवस छळून, तोंड वाकडं करून सही केली. समितीने प्रकरण मान्य केलं. चार नंबरचा शेवटचा आकडा फारच बोलका आहे, असं त्यातले एक जण म्हणाले.

समितीनंतरच्या मंगळवारी लग्नाचा आदला दिवस होता. मी टीचरांच्या फाटकाशी पोचले तेव्हा बँड वाजत होता. कळश्या घेतलेल्या बायका आळीतून येत होत्या. फाटकाशी कुणी थांबलं नाही. सगळ्याजणी दोन नंबरच्या वाडीकडे वळल्या; चार नंबरचा आकडा टीचरांनी स्वतःच रविवारी चर्चबाहेर सांगून टाकला होता. टीचर नवी साडी नेसून पायरीवर उभ्या होत्या. मला बघून त्यांनी फाटक उघडलं.

"ये," त्या म्हणाल्या. "भरून घे बाटली. आज विहिरीवर गर्दी नाही."